छेद वेगळे असले की बेरीज का अडते?

प्रश्न : माझा मुलगा सहावीत, सेमी-इंग्रजी माध्यमात शिकतो. आतापर्यंत गणितात त्याची तक्रार नव्हती, पण भिन्नच्छेद अपूर्णांकांची बेरीज सुरू झाल्यापासून तो वही उघडायलाही कुरकुरतो. शाळेत बाई लसावि काढायला लावतात, क्लासचे सर तिरकस गुणाकार करायला सांगतात आणि घरी तो कधी हे, कधी ते, तर कधी तिसरेच काहीतरी करतो. त्याच्या वहीतली तीन गणिते लिहून पाठवते : १/२ + १/३ = २/५; ३/४ + १/६ = ४/१२; ५/१२ + ७/१८ = १७४/२१६. पहिले चुकले आहे असे म्हटले, तर तो विचारतो, "चाचण्यांचे गुण आपण असेच मिळवतो ना?" यावर मला उत्तर सुचले नाही. माझे सासरे ब्याऐंशी वर्षांचे आहेत. ते म्हणतात, आमच्या वेळी हे सगळे तोंडी होत असे. मी स्वतः मराठी माध्यमात शिकले. त्याच्याकडून कोणती पद्धत पक्की करून घ्यावी? आणि क्लास बदलावा का? – एक आई, सांगली

उत्तर :

ताई, तुम्ही नुसते "गणित जमत नाही" असे न लिहिता तीन गणिते जशीच्या तशी उतरवून पाठवलीत, हे फार चांगले केले, कारण ती तिन्ही एका जातीची नाहीत आणि त्यांवर उपायही एकच नाही.

तिसऱ्या गणितापासून सुरुवात करते, कारण ते चुकलेलेच नाही. ५ ला १८ ने गुणून ९०, ७ ला १२ ने गुणून ८४, दोन्हींची बेरीज १७४ आणि छेदांचा गुणाकार २१६, हे सगळे त्याने बिनचूक केले आहे. फक्त अंश आणि छेद दोघांनाही ६ ने भाग जातो आणि २९/३६ हे अतिसंक्षिप्त रूप मिळते, तेवढी एक पायरी राहिली आहे. या गणितावर लाल फुली बसली असेल किंवा अर्धा गुण कापला गेला असेल, तर कशासाठी कापला हे त्याला स्पष्ट सांगा. बरोबर केलेले कामही चूक ठरले अशी मुलाची समजूत झाली, की पुढे तो पद्धत बदलून बदलून नशीब अजमावू लागतो. दुसऱ्या गणितात त्याला ४ आणि ६ यांचा लसावि १२ काढता आला आहे, पण तो कशासाठी काढला हे त्याला माहीत नाही : छेद बदलला आणि अंश मात्र होते तसेच ठेवून ३ आणि १ यांची बेरीज त्याने करून टाकली. पहिल्या गणितात त्याने अंशात अंश आणि छेदात छेद मिळवला. तेव्हा कोणती पद्धत पक्की करावी या तुमच्या प्रश्नाआधी एक प्रश्न येतो, तो म्हणजे या बेरजेत नेमके काय मिळवले जाते, हे त्याला दिसते का. माझ्या मते अजून दिसत नाही, आणि ते दिसेपर्यंत दोन्हीपैकी कोणतीही पद्धत घोटून घेतली तरी ती परीक्षा झाली की विसरली जाईल.

आता त्याचा गुणांचा प्रश्न. तो उडवून लावू नका, कारण तो अतिशय नेमका आहे आणि अनेक मुलांच्या मनात असूनही विचारला न जाणारा आहे. एका चाचणीत १० पैकी ७ आणि दुसऱ्या चाचणीत २० पैकी १२ मिळाले, तर एकूण ३० पैकी १९ होतात, आणि प्रगतिपुस्तकातही तसेच लिहिलेले असते. तिथे अंशात अंश आणि छेदात छेद मिळवणे योग्यच आहे, कारण दुसरी चाचणी आपले २० गुण सोबत घेऊन येते आणि ज्याच्यापैकी मोजायचे ते एकूणच १० वरून ३० होते. अपूर्णांकांच्या बेरजेत असे घडत नाही. तिथे १/२ आणि १/३ हे दोन्ही एकाच पूर्णाचे भाग असतात, आणि ते एकत्र केले म्हणून पूर्ण मोठे होत नाही. तुमच्या मुलाने दोन वेगळ्या प्रश्नांना एकच रीत लावली आहे; रीत चुकीची नाही, जागा चुकीची आहे.

हे त्याला व्याख्यान देऊन सांगू नका. त्याच्याच रीतीने १/२ + १/२ करायला सांगा. उत्तर २/४ येईल, म्हणजे पुन्हा अर्धेच. मग दोन प्रश्न विचारा. दोन चाचण्यांत प्रत्येकी १० पैकी ५ गुण मिळाले, तर एकूण किती? २० पैकी १०, म्हणजे निम्मे, बरोबर. आणि अर्धा लिटर दुधात अर्धा लिटर दूध ओतले तर किती? इथे निम्मे म्हणायला कोणतेच मूल तयार होत नाही. त्यानंतर त्याला त्याच्या मूळ उत्तराकडे न्या. २/५ हे १/२ पेक्षा लहान आहे, कारण पाचाचे निम्मे अडीच आणि इथे तर दोनच घेतले आहेत. अर्ध्यात आणखी काही मिळवल्यावर उत्तर अर्ध्याहून कमी येईल का, हे त्याने स्वतः बोलले पाहिजे. अंशात अंश आणि छेदात छेद मिळवून येणारी संख्या, दोन अपूर्णांक वेगळे असतील तर, नेहमी त्या दोहोंच्या मधे कुठेतरी पडते. बेरीज मात्र दोहोंपेक्षाही मोठी असायला हवी. हा फरक एकदा लक्षात आला, की २/५ सारखी उत्तरे तो लिहिता लिहिताच खोडेल.

आता लसावि कशासाठी, ते पाहू. त्यासाठी पुस्तकातली वर्तुळे वापरू नका, असे मी आग्रहाने सांगेन. वर्तुळाचे दोन किंवा चार समान भाग हाताने करता येतात, पण तीन आणि पाच भाग मोठ्यांनाही धड जमत नाहीत, आणि मुलाचे सगळे लक्ष आकृती सुबक येण्याकडे जाते. त्याऐवजी त्याच्या चौकटीच्या वहीत एका ओळीत १२ चौकटींची पट्टी आखायला सांगा आणि ही संपूर्ण पट्टी म्हणजे १ असे ठरवा. तिची अर्धी किती चौकटींची? सहा. एक तृतीयांश किती? चार. दोन्ही एकापुढे एक रंगवले की १२ पैकी १० चौकटी रंगतात. म्हणून बेरीज १०/१२, म्हणजेच ५/६. हे झाले की लगेच त्याला १० चौकटींची पट्टी आखून तेच गणित करायला लावा. अर्धी पट्टी पाच चौकटींची होते, पण एक तृतीयांश काढताना चौकट मधेच चिरावी लागते, आणि इथे तो अडेल. त्याला थोडा वेळ अडू द्या. मग किती चौकटींची पट्टी घेतली असता दोन्ही भाग अख्ख्या चौकटींत बसतील, हे त्याचे त्यालाच शोधू द्या. ६, १२, १८, २४ अशी उत्तरे तो देईल आणि त्यांतली सर्वांत लहान ६ आहे हे त्याच्या ध्यानात येईल. लसावि म्हणजे एवढेच : दोन्ही भाग ज्या पट्टीत अख्खे बसतात अशी सर्वांत छोटी पट्टी. बारा चौकटींच्या पट्टीनेही उत्तर बरोबरच आले होते, हेही त्याच्या नजरेतून निसटू देऊ नका, कारण क्लासच्या सरांची पद्धत समजून घेताना ते उपयोगी पडणार आहे.

याच पट्टीवर दुसरे गणितही सुटते. बारा चौकटींपैकी तीन चतुर्थांश म्हणजे नऊ चौकटी आणि एक षष्ठांश म्हणजे दोन, मिळून ११/१२. त्याच्या ४/१२ या उत्तरात तर चारच चौकटी आहेत. एकट्या ३/४ लाच नऊ लागतात, मग त्यात आणखी मिळवून चार कशा होतील? अंश का बदलतो हेही इथेच दिसते. पट्टीच्या एका चतुर्थांशात तीन चौकटी असतात, म्हणून असे तीन चतुर्थांश म्हणजे नऊ चौकटी. तुकडे लहान केले की त्यांची संख्या वाढते, रंगवलेला भाग तेवढाच राहतो. वहीत हे लिहिताना ३/४ = ९/१२ अशी उडी काही दिवस मारू देऊ नका; ३/४ = (३ × ३)/(४ × ३) = ९/१२ ही संपूर्ण पायरी लिहून घ्या. मधली पायरी गाळली जाते तिथेच छेद बदलतो आणि अंश तसाच राहतो, आणि तुमच्या मुलाचे नेमके तेच झाले आहे.

सासऱ्यांचे म्हणणे खरे आहे, आणि त्यांचा या कामी उपयोग करून घ्या. १ एप्रिल १९५७ रोजी आपल्याकडे दशमान नाणी आली. त्यापूर्वी एका रुपयाचे १६ आणे आणि एका आण्याच्या १२ पै, म्हणजे रुपयाच्या १९२ पै होत. ब्याऐंशी वर्षांच्या गृहस्थांचे प्राथमिक शिक्षण त्याच हिशेबात झाले असणार. रुपयाचा एक तृतीयांश म्हणजे पाच आणे चार पै आणि पाव रुपया म्हणजे चार आणे. दोन्ही मिळून नऊ आणे चार पै. हेच पैमध्ये लिहिले तर ६४ आणि ४८ मिळून ११२, आणि ११२/१९२ चे संक्षिप्त रूप ७/१२ येते, जे १/३ + १/४ चे उत्तर आहे. लसावि काढल्यावाचून त्यांचे काम भागत असे, कारण १९२ ला २, ३, ४, ६, ८, १२, १६ अशा नेहमी लागणाऱ्या संख्यांनी भाग जातो आणि समच्छेद नाण्यांतच तयार असे. आजोबांनी नातवाला तोंडी हिशेब घालावा आणि नातवाने तो वहीत अपूर्णांकांत मांडून ताळा करावा, अशी एखादी संध्याकाळ घालवून पाहा. पाचव्या किंवा सातव्या हिश्शाला मात्र हा हिशेब अडतो. तो का अडतो हे नातवाला सांगता आले, तर लसावि त्याला समजला असे खुशाल धरा.

आता पद्धतींचा वाद. खरे पाहता तो वाद नाहीच. भास्कराचार्यांच्या इ.स. ११५० च्या सुमाराच्या 'लीलावती'त समच्छेद करण्याचे दोन्ही मार्ग एकाच श्लोकात दिले आहेत : पहिल्या अर्ध्यात एकाच्या छेदाने दुसऱ्याच्या अंशाला आणि छेदाला गुणायला सांगितले आहे, आणि दुसऱ्या अर्ध्यात, छेदांना सामाईक विभाजकाने भागून मग तसेच गुणावे, असे शहाण्यासाठी सुचवले आहे. पुढच्याच उदाहरणात वजाबाकीसाठी १/६३ आणि १/१४ हे अपूर्णांक दिले आहेत, आणि ते मुद्दाम निवडलेले असावेत असे करून पाहिल्यावर वाटते. सरळ तिरकस गुणाकार केला तर छेद ८८२ होतो, आणि ६३ − १४ = ४९ म्हणून ४९/८८२ असे अवजड उत्तर हाती येते. ६३ आणि १४ यांना आधी ७ ने भागले तर ९ आणि २ उरतात. मग छेद १२६, १/१४ चे ९/१२६ आणि १/६३ चे २/१२६, फरक ७/१२६. दोन्हीकडून शेवटी १/१८ च मिळते, फक्त एका वाटेने घाम जास्त गाळावा लागतो. म्हणजे क्लासचे सर शिकवतात तो श्लोकाचा पूर्वार्ध आणि शाळेतल्या बाई शिकवतात तो उत्तरार्ध. हे मुलाला सांगितले, तर निदान दोघांपैकी कोणीतरी चुकीचे शिकवते आहे ही त्याची समजूत जाईल.

व्यवहारात कुठे काय वापरावे, हे तो छेदांकडे पाहून ठरवू शकतो. ३/८ + १/२ अशा गणितात दोन्ही पद्धतींची गरज नाही; दोनाचे आठ करता येतात, म्हणून ३/८ + ४/८ = ७/८, झाले. छेद ५ आणि ७ असे असतील, म्हणजे त्यांना १ शिवाय सामाईक विभाजक नसेल, तर त्यांचा लसावि त्यांचा गुणाकारच असतो आणि दोन्ही पद्धती तंतोतंत एकच होतात. १२ आणि १८ सारखे छेद असतील, तर लसावि घ्यावा; १७४/२१६ ला संक्षिप्त रूप देण्यापेक्षा १५/३६ + १४/३६ = २९/३६ हे सोपे आहे, आणि तुमच्या मुलाने ती शेवटची पायरी का सोडली याचे कारणही हेच असावे, कारण त्या आकड्यांना कशाने भाग जातो हे चटकन दिसत नाही. तीन अपूर्णांक आले की तिरकस गुणाकार मुलांना हमखास फसवतो : १/२ + १/३ + १/४ मध्ये कोणाला कोणाशी गुणायचे, यातच ती गोंधळतात. १२ हा लसावि घेतला तर ६ + ४ + ३ = १३, म्हणजे १३/१२ किंवा १ पूर्णांक १/१२. तेव्हा एकच पद्धत पक्की करायची असेल, तर ती लसाविची असावी, असे माझे स्पष्ट मत आहे. पण ती पट्टीनंतर, आधी नव्हे.

मात्र गणित कोणत्याही पद्धतीने सोडवण्यापूर्वी उत्तराचा अंदाज सांगण्याची सवय लावा, आणि इथे हयगय करू नका. १९७८ मध्ये अमेरिकेतील राष्ट्रीय शैक्षणिक मूल्यमापनात तेरा वर्षांच्या मुलांना १२/१३ + ७/८ या बेरजेचे जवळचे उत्तर विचारले होते आणि १, २, १९, २१ असे पर्याय दिले होते. दोन्ही अपूर्णांक एकाला अगदी टेकलेले आहेत, म्हणून उत्तर २. पण ते निवडणारी मुले चौघांत एकसुद्धा नव्हती, आणि १९ व २१ निवडणारी मुले मिळून निम्म्याहून जास्त होती. अंशांची बेरीज १९ आणि छेदांची २१, एवढेच त्यांनी पाहिले. तुमचा मुलगा एकटा नाही, हे सांगण्यासाठी हा दाखला दिलाच आहे, पण त्यात आणखी एक गोष्ट आहे : या प्रश्नाला लसावि लागत नाही, तिरकस गुणाकारही लागत नाही. उत्तर अर्ध्याहून मोठे की लहान, एकाच्या अलीकडे की पलीकडे, एवढे दोन प्रश्न पुरतात. शिष्यवृत्ती परीक्षेत पर्यायांतून उत्तर निवडतानाही चारांपैकी दोन पर्याय अनेकदा याच दोन प्रश्नांनी बाद होतात.

पुढे लवकरच पूर्णांकयुक्त अपूर्णांकांची बेरीज येईल, म्हणून तेही आताच सांगून ठेवते. २ पूर्णांक १/२ आणि १ पूर्णांक ३/४ दिसले, की मुले यंत्रवत ५/२ आणि ७/४ करतात, मग १०/४ + ७/४ = १७/४ आणि पुन्हा त्याचे ४ पूर्णांक १/४. यात चूक काही नाही, पण एवढी यातायात कशाला? अडीच आणि पावणेदोन किती, असे आजोबांना विचारा. सव्वाचार हे उत्तर क्षणात येईल, कारण पावकी, निमकी, पाऊणकी त्यांच्या जिभेवर असतील. पूर्णांक वेगळे मिळवावेत, अपूर्णांक वेगळे मिळवावेत आणि अपूर्णांकांची बेरीज एकाच्या वर गेली, तर तो एक पूर्णांकांत घालावा. आकडे मोठे असताना, उदाहरणार्थ २७ पूर्णांक ३/८ सारखी संख्या असताना, याचा फायदा फारच जाणवतो.

रोजचा सराव थोडा ठेवा. एका बैठकीला तीन-चार गणिते पुरेत, पण प्रत्येक गणिताआधी अंदाज तोंडी सांगायचा आणि उत्तर आल्यावर तो अंदाजाशी ताडून पाहायचा. पहिले काही दिवस पट्टीवर, मग पट्टी मनात आणून नुसत्या आकड्यांवर. शाळेत इंग्रजी संज्ञा असल्या तरी घरी तुम्ही अंश, छेद, लसावि असेच बोला. त्याचा गोंधळ शब्दांमुळे झालेला नाही आणि तुमची मराठी त्यात भर घालणार नाही. वाचताना "एक छेद तीन" ऐवजी "एक तृतीयांश" असे वाचून घेतलेत तर बरे, कारण "दोन सप्तमांश आणि तीन सप्तमांश" ऐकल्यावर पाच सप्तमांश आपसूक सुचतात, चौदाची आठवणही होत नाही.

राहिला क्लास. एवढ्याच कारणासाठी तो बदलू नका. सरांना भेटून इतकेच सांगा, की तीन महिने मुलाला वहीत लसाविनेच गणित सोडवू द्यावे आणि तिरकस गुणाकार ताळा पाहण्यासाठी वापरू द्यावा. ज्यांना गणित येते, त्यांना ही विनंती खटकणार नाही. "आमच्याकडे शॉर्टकटच शिकवतात" असे उत्तर मिळाले आणि का, हे विचारल्यावर पुढे काही सांगता आले नाही, तर मात्र पुढच्या हप्त्याचे पैसे भरण्यापूर्वी जरूर विचार करा.